थँकफुल की ग्रेटफुल?

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची सकाळ होती. चहाचा दुसरा कप समोर आला होता, पुरवणीची घडी नुकतीच उलगडली होती आणि तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे आमची कराडची भाची. इकडचे तिकडचे काही न बोलता तिने एकदम विचारले, "मामा, एकच सांग. थँकफुल लिहू की ग्रेटफुल?"

मी काही इंग्रजीचा प्राध्यापक नव्हे. मुंबईच्या एका कचेरीत तीस वर्षे पत्रव्यवहार सांभाळला, 'विथ रेफरन्स टु युवर लेटर'पासून 'थँकिंग यू'पर्यंतची काही हजार पत्रे लिहिली, एवढेच माझे इंग्रजीचे भांडवल. पण वासरांत लंगडी गाय शहाणी, या न्यायाने घरात कुणाला इंग्रजी शब्द अडला की फोन माझ्याकडे येतो. चहा निवत होता. मी म्हणालो, "अगं, दोन्ही एकच. ग्रेटफुल लिही, जरा भारदस्त वाटतं."

पलीकडून 'बरं' आले, पण ते 'बरं' काही खरे नव्हते. खोदून विचारले तेव्हा सगळी हकिगत कळली.

कराडला संख्याशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. भाचीला त्याच विषयात पुढे शिकायचे होते आणि कॉलेजात जे मिळत होते ते तिला पुरत नव्हते. सरांनी तिला दोन वर्षे, दर शनिवारी दुपारी तीन ते सहा, आपल्या जेवणाच्या टेबलापाशी बसवून शिकवले. पहिला महिना संपल्यावर माझी बहीण पाकीट घेऊन गेली, तर पाकीट तसेच परत आले आणि वर काकूंनी चकल्यांचा डबा दिला. पुढे पाकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. डबे मात्र जात-येत राहिले. यंदा भाचीला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. शिफारसपत्र सरांचेच होते. प्रवेशाचे कळल्याबरोबर आनंदाच्या भरात तिने सरांना फोनवरून इंग्रजीत दोन ओळींचा निरोप धाडला. पहिली ओळ प्रवेशाची, दुसरी 'रिअली ॲप्रिशिएट युवर एफर्ट्स, सर', आणि शेवटी जोडलेल्या हातांचे चित्र.

एरवी एखादे उदाहरण अडल्याचा निरोप गेला की तासाभरात सरांचे उत्तर येई. या निरोपाला नऊ दिवस झाले, उत्तर नाही. प्रत्यक्ष जाऊन भेटावे, तर ही व्हिसाच्या कागदपत्रांसाठी पुण्यात अडकलेली. "मामा, मी काही चुकीचं लिहिलं का? आता नीट मोठा ई-मेल लिहितेय. त्यात तरी शब्द चुकायला नको." मराठीत का लिहीत नाहीस, असे विचारले तर म्हणाली, "सरांनीच सांगितलंय, तिकडे जायचं तर माझ्याशी इंग्रजीतच लिहायची सवय ठेव."

मी कप बाजूला ठेवला. 'दोन्ही एकच' हे उत्तर आता चालण्यासारखे नव्हते.

तिच्या निरोपात थँकफुलही नव्हते आणि ग्रेटफुलही नव्हते. होते ते 'ॲप्रिशिएट', आणि मला खटकले ते तेच. या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतल्या 'किंमत' या अर्थाच्या शब्दात आहे. आपण बाजारात वापरतो तो 'प्राइस' आणि दागिन्यांच्या जाहिरातींतला 'प्रेशस' ही त्याचीच भावंडे. ॲप्रिशिएट म्हणजे मोल ठरवणे, मोल ओळखणे. म्हणून तर फ्लॅटची किंमत वाढली की ती ॲप्रिशिएट झाली असे दलाल सांगतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आणि चित्रपट संग्रहालयात चालत आलेल्या 'फिल्म ॲप्रिसिएशन' अभ्यासक्रमाला आपण मराठीत 'रसास्वाद' म्हणतो, तेही या शब्दाचेच एक रूप. आणि 'आय ॲप्रिशिएट युवर डिफिकल्टी' असे साहेबाने म्हटले, तर त्यात आभार औषधालाही नसतात. त्याचा अर्थ इतकाच की तुमची अडचण मला समजते. पुढे 'बट' येणार हे कचेरीतला शिपाईसुद्धा ओळखतो. नोकरीसाठी अर्ज केलेल्या मुलामुलींना तर हे चांगले ठाऊक आहे. 'वी ॲप्रिशिएट युवर इंटरेस्ट' अशी सुरुवात दिसली की बाकीचे पत्र वाचायची गरज उरत नाही.

म्हणजे हा शब्द मोल जाणणाऱ्याचा आहे, आणि मोल जाणणारा बहुधा वरच्या जागी बसलेला असतो. आपल्या कचेऱ्यांत 'ॲप्रिसिएशन लेटर' वरून खाली येते. खालून वर गेलेले मी तीस वर्षांत पाहिले नाही. मराठीत याच्या अगदी जवळचा शब्द 'कौतुक', आणि त्याचीही वाट तीच. आजी नातवाचे कौतुक करते, गुरुजी विद्यार्थ्याचे करतात. उद्या नातवाने जेवता जेवता 'आजी, तुझ्या पुरणपोळीचे मी कौतुक करतो' असे म्हटले तर आजी हसेल आणि घरातले बाकीचे त्याच्याकडे टकमक पाहतील. चूक व्याकरणाची नाही. पायरी चुकली आहे.

इथे इंग्रजीवर अन्याय होऊ नये म्हणून सांगायला हवे की, इंग्रज आणि विशेषतः अमेरिकन माणूस हा शब्द बरोबरीच्यालाही सहज वापरतो. दार उघडून धरले तरी तो 'ॲप्रिशिएट इट' म्हणून पुढे जातो. त्यात कुणी वरचा-खालचा नसतो. पण सर कराडचे, शिष्या कराडची, आणि शब्द इंग्रजी असला तरी तो ऐकणारे कान मराठी. त्यात जोडीला 'एफर्ट्स'. प्रगतिपुस्तकावर 'प्रयत्न चांगला' असा शेरा केव्हा मिळतो, हे आपण सर्वांनी लहानपणी अनुभवले आहे. गुण कमी पडले म्हणजेच मिळतो. दोन वर्षांच्या शनिवारांना विद्यार्थिनीने 'प्रयत्न चांगला' असा शेरा दिला, असे सरांना वाटले असेल तर? मी हे बोलून दाखवताच पलीकडे सामसूम झाली. जरा जास्तच स्पष्ट बोललो, असे मग माझे मलाच वाटले.

आता तिचा मूळ प्रश्न. थँकफुल की ग्रेटफुल? कोश उघडला तर हे दोन शब्द एकमेकांच्या घरी सतत जाऊन बसलेले दिसतात. खुद्द इंग्रज लोकही त्यांची अदलाबदल करतात. तरीसुद्धा दोघांचा स्वभाव वेगळा आहे, आणि तो मला कुठल्या पुस्तकापेक्षा एका पावसाने जास्त नीट समजावला.

२६ जुलै २००५. मुंबईकरांना ही तारीख सांगितली की पुढचे काही सांगावे लागत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तो हा दिवस. लोकल बंद, फोन बंद, रस्त्यांचे ओढे झालेले. मीही इतर हजारो लोकांसारखा कचेरीतून पायी निघालो आणि रात्री साडेनऊच्या सुमारास कुर्ल्याच्या अलीकडे कमरेएवढ्या पाण्यात अडकलो. एका चाळीच्या जिन्यावर उभ्या असलेल्या म्हातारीने हाक मारली, "अहो, वर या." दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही अकरा परकी माणसे रात्रभर बसलो. तिने चहा दिला, पार्ल्याची बिस्किटे दिली, नेसते लुगडे सोडून घरात होते तेवढे कोरडे कापड पुसायला दिले. तिचा मुलगाही बाहेर कुठे तरी अडकलेला होता, तो पहाटे चारला आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी पोचलो. बायकोने दार उघडले तेव्हा पायातले बळ गेले. जिवंत पोचलो, घरचे सुखरूप आहेत, या सुटकेला इंग्रजीत शब्द आहे थँकफुल. त्यात समोर कुणी माणूस असावाच लागतो असे नाही. संकट टळले, वेळ निभावली, आणि छातीवरचा दगड उतरला. कुणाचे म्हणून आभार? देवाचे म्हणा, नशिबाचे म्हणा, कुणाचेच नाही म्हटले तरी चालते. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण असतो. अब्राहम लिंकनने १८६३ मध्ये तो देशभर पाळण्याची घोषणा केली आणि १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार पक्का झाला. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही आता त्या दिवशी पंगत बसते आणि जेवणापूर्वी एकेकाने आपण कशाकशासाठी थँकफुल आहोत ते सांगायचे असते. कशासाठी, हे विचारतात. कुणाला, हे विचारत नाहीत.

त्या म्हातारीच्या बाबतीत मात्र थँकफुल अपुरा पडतो. तिथे ग्रेटफुल हवा. कारण तिथे माणूस आहे, आणि त्या माणसाने जे केले ते करायला तो बांधलेला नव्हता. ग्रेटफुलला 'कुणाला' आणि 'कशाबद्दल' ही दोन्ही उत्तरे हवी असतात. म्हणून त्याच्यामागे 'टु' आणि 'फॉर' चालत येतात. याचे मूळही लॅटिनच, 'सुखावणारा, आवडणारा' अशा अर्थाचे. (म्हणून याच्या स्पेलिंगात महानपणाचा 'ग्रेट' येत नाही. परीक्षेत निम्मी मुले तो घालतात, आणि अर्थाच्या दृष्टीने त्यांचे फारसे चुकत नाही असे माझे खासगी मत आहे.) ग्रेस त्याच घरातला, फुकटचा तो ग्रॅटिस त्याच घरातला, आणि नोकरदारांची ग्रॅच्युइटीसुद्धा. मूळ अर्थ पाहिला तर ग्रॅच्युइटी म्हणजे मालकाने खुशीने दिलेली बक्षिसी. आपल्याकडे १९७२ मध्ये तिचा कायदा झाला आणि खुशीची गोष्ट हक्काची झाली. आमच्या कचेरीत निवृत्त होणाऱ्या कुणालाही ग्रॅच्युइटीचा धनादेश हातात घेताना मी ग्रेटफुल झालेला पाहिला नाही. झाले तर थँकफुल झाले, एकदाची मिळाली म्हणून.

त्या पुराची आणखी एक गोष्ट. पाणी ओसरल्यावर मुंबईच्या 'स्पिरिट'ची फार वाखाणणी झाली. भाषणांत झाली, लेखांत झाली. आणि ज्यांनी रात्र पाण्यात काढली होती त्यांना ती वाखाणणी झोंबली. का झोंबली, हे तेव्हा नेमके सांगता येत नव्हते. आज वाटते, तेही ॲप्रिसिएशनच होते. वरून खाली आलेले. गटारे कुणी साफ करायची होती, मिठी नदी कुणी बुजू दिली, हे प्रश्न ज्यांना विचारायचे तेच उभे राहून आमच्या सोशिकपणाचे मोल करत होते.

सरांच्या बाबतीत कोणता शब्द, हे एव्हाना भाचीला मी न सांगताच कळले होते. पण मुले चिकित्सक असतात. "मग इन्डेटेड का नको? किंवा मच ऑब्लाइज्ड? ते तर आणखी वरचे ना?"

'ऑब्लाइज्ड'ची शिकवणी आपल्याला शाळेतच मिळते. सर्दी-तापाच्या दोन दिवसांच्या रजेच्या अर्जातही 'आय शॅल बी हायली ऑब्लाइज्ड' असे घोटून घेतलेले असते. रजा मिळाली नाही तरी अर्ज तोच. या शब्दात दोर आहे. बांधणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो आला. गुडघा दुखावल्यावर डॉक्टर ज्याचे नाव घेतात ते 'लिगामेंट' त्याच दोराचे. मी तुमचा बांधील झालो, असे तो सांगतो. पोर्तुगीज भाषेत रोजच्या आभारासाठी हाच शब्द आहे. पुरुषाने म्हणायचे 'ओब्रिगादो', बाईने 'ओब्रिगादा'. पोर्तुगीज गोव्यात १५१० पासून १९६१ पर्यंत साडेचारशे वर्षे होते. पण गोव्याचा कोकणी माणूस मनापासून आभार मानताना अजून 'देव बरें करूं' असेच म्हणतो. तो स्वतःला बांधून घेत नाही. समोरच्याचे भले करायचे काम तो थेट देवाकडे सोपवतो. मला हे फार शहाणपणाचे वाटते. आपल्या ऐपतीबाहेरचे देणे आपल्याहून मोठ्या आसामीच्या नावावर टाकण्यात काहीच वावगे नाही.

'इन्डेटेड' म्हणजे सरळसरळ ऋणी. यातला 'बी' उच्चारायचा नाही. मूळ फ्रेंचमधून आलेल्या शब्दात तो नव्हताच. लॅटिनच्या अभिमानी पंडितांनी तो मागाहून स्पेलिंगात घुसवला आणि शाळकरी पोरांच्या माथी मारला. पण शब्द गंभीर आहे, आणि आपल्याला ओळखीचाही आहे, कारण मराठी मनात आभाराचा हिशेब पुष्कळदा ऋणाच्याच वहीत मांडलेला असतो. आपण उपकार फेडतो, आईबापांचे पांग फेडतो, कुणाचे उतराई होतो. 'आभार' या शब्दातच भार ऐकू येतो. मराठी ग्रंथांच्या प्रस्तावना उघडून पाहा. शेवटच्या परिच्छेदाला 'ऋणनिर्देश' म्हणतात आणि त्यात एक वाक्य हमखास असते: यांचे आभार मानणे औपचारिक ठरेल, मी त्यांच्या ऋणातच राहू इच्छितो. प्रकाशकाच्या बाबतीत हे वाक्य अनेकदा शब्दशः खरे असते, फक्त उलट दिशेने.

थँक यू हा शब्द आपल्या घरात शिरला तो या मोठ्या शब्दांना ढकलून नव्हे. त्यांच्या शेजारी मोकळी जागा होती, तिथे तो बसला. वाण्याने सुटे पैसे दिले, शेजाऱ्याने कुरियर ठेवून घेतले, कुणी लिफ्टचे दार धरले, अशा बारीकसारीक गोष्टींना 'मी आपला आभारी आहे' म्हणणे म्हणजे लिंबू कापायला तलवार. पूर्वी अशा वेळी आपण काहीच म्हणत नसू. मान हलवायची, हसायचे, 'येतो हं' म्हणायचे. मोठ्या बायका 'शंभर वर्षांचा हो' म्हणत. आता 'थँक्यू हं' म्हणतो, आणि ते 'हं' लागल्याबरोबर शब्द मराठी होतो. भाषाशुद्धीचा मी विरोधक नाही, पण या पाहुण्याला हाकलण्यात मला अर्थ दिसत नाही. उपरोधाची सोयही दोन्हीकडे सारखीच आहे. इंग्रज 'थँक्स टु द ट्रॅफिक' म्हणतो तिथे आपण 'महापालिकेच्या कृपेने' म्हणतो.

तक्रार असेल तर ती वेगळी आहे. आपण शब्दांची भारदस्तपणावरून निवड करतो. मीही त्या सकाळी तेच केले. 'ग्रेटफुल लिही, भारदस्त वाटतं' हे माझे उत्तर म्हणजे आयुष्यभराच्या कचेरीचा संस्कार. सभासंमेलनांतले आभारप्रदर्शन आठवा. अध्यक्षांचे आभार 'शतशः', ध्वनिक्षेपकवाल्याचे 'मनःपूर्वक', मंडपवाल्याचे 'अंतःकरणपूर्वक', आणि तोवर श्रोते चपला शोधू लागलेले असतात. कारण कुणी काय केले हे त्यात कुठेच येत नाही. मांडव रात्री दोनला वाऱ्याने पडला आणि मंडपवाल्याने पहाटे सहापर्यंत परत उभा केला, असे कुणी सांगितले तर श्रोता चपलेत घातलेला पाय काढून घेईल. आता तर फोनच उत्तरे सुचवतो. जीमेलने २०१७ मध्ये तयार उत्तरांची सोय आणली. कुणाच्याही पत्राखाली दोन-तीन 'थँक्स' रांगेत उभे असतात, बोट लावायचा अवकाश. रोजच्या कामाला ते ठीक आहे. दोन वर्षांच्या शनिवारांना पुरायचे नाही.

इंग्रजीत 'थँक' आणि 'थिंक' ही एकाच मुळाची पालवी आहे. जुन्या इंग्रजीत 'थँक' म्हणजे आधी विचार, मग आठवण, मग त्यातून आभार. आपला संस्कृतातून आलेला 'कृतज्ञ' पाहा, 'केलेले जाणणारा'. आणि अस्सल मराठी 'जाण ठेवणे' तर त्याहून सरळ. हजारो मैलांवरच्या दोन भाषांना आभार मानण्याआधी आठवावे लागते हे सारखेच सुचले. म्हणून मी भाचीला म्हटले, "शब्द मागाहून बघू. आधी सांग, सरांनी काय केलं?"

"शिकवलं."

"ते सगळेच सर करतात. यांनी काय केलं?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बेझचा सिद्धांत मला तीन शनिवार कळला नव्हता. मी रडायला आले होते. चौथ्या शनिवारी सरांनी स्वयंपाकघरातून दोन वाट्या आणल्या. दोन्हींत शेंगदाणे आणि फुटाणे, पण प्रमाण वेगळं. मला डोळे मिटायला लावून एका वाटीतून एक दाणा काढायला सांगितला. शेंगदाणा निघाला. मग म्हणाले, आता सांग, कुठल्या वाटीतला असेल? आणि मामा, एकदम सगळं दिसलं. नंतर आम्ही ते दाणे खाऊन टाकले."

"हे लिही," मी म्हणालो.

मग तिने लिहिले. वाट्या आल्या, दाणे आले, बसस्टँडवर भिजलेली वही काकूंनी तव्याजवळ धरून वाळवली तो शनिवार आला. 'ग्रेटफुल' एकदाच आला, शेवटून दुसऱ्या ओळीत, 'टु यू अँड काकू' अशा मराठी-इंग्रजी संगतीत. काकूंना इंग्रजी काय म्हणायचे याचा आम्ही पाच मिनिटे विचार केला आणि काकूच ठेवले. एका विनंतीच्या वाक्यात तिने 'आय वुड ॲप्रिशिएट इफ' लिहिले होते, तिथे मध्ये 'इट' घालायला सांगितले. आपल्याकडे दहापैकी नऊ पत्रांतून हा बिचारा 'इट' गळालेला असतो. 'आय वुड बी थँकफुल इफ'ही तिने करून पाहिले, पण ते कानाला बोचते. विनंतीच्या वाक्यात इंग्रज 'ग्रेटफुल'च घालतो. शेवट कसा करावा यावर मात्र आमचे अडले. मला मराठी पत्रातले 'लोभ असावा' हवे होते. झाले ते झाले, पुढेही असेच राहा, असे मागणारी ही आपली दोन शब्दांची रीत. तिला इंग्रजीत जोड सापडेना. शेवटी तिने ते देवनागरीतच लिहिले आणि खाली नाव घातले.

उत्तर चौथ्या दिवशी आले, आणि माझी सगळी मीमांसा त्याने आडवी केली. सरांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. डॉक्टरांनी दोन आठवडे पडद्याकडे बघायला बंदी केली होती आणि काकूंनी फोन कपाटात कुलपात ठेवला होता. पहिला निरोप त्यांनी वाचलाच नव्हता. दोन्ही आता एकदम काकूंनी वाचून दाखवले.

सरांचे उत्तर इंग्रजीत होते, मुद्देसूद, परीक्षकाच्या वळणाचे. पहिल्या निरोपाविषयी त्यांनी लिहिले होते की 'एफर्ट्स' हा शब्द अगदी अचूक आहे, एका सिद्धांताला चार शनिवार लागले, याला दुसरे काय म्हणणार. मात्र वाक्याला कर्ता नव्हता, 'आय' लिहायला हवा होता, तिकडे गेल्यावर असे चालणार नाही. दुसऱ्या पत्राविषयी एवढेच, की काकूंनी ते दोनदा वाचायला लावले. त्याखाली मराठीत एक ओळ होती, टंकन काकूंचे असावे: निघण्याआधी शनिवारी येऊन जा, भाजणी दळून आणली आहे, येताना मागचा डबा आण.